‘विसंगत’साठी इंग्रजीत कोणता शब्द? निवडण्याची एक रीत

जुन्या वाड्याच्या सागवानी चौकटीत कुणीतरी पांढरी, सरकती ॲल्युमिनियमची खिडकी बसवलेली असते. मराठी माणूस ती बघून लगेच बोलतो: विजोड दिसतेय, कशीतरीच वाटतेय, शोभत नाही. हेच इंग्रजीत लिहायचं म्हटलं की हात अडखळतो आणि ‘नॉट मॅचिंग’ किंवा ‘लुकिंग ऑड’वर भागवलं जातं. ‘ऑड’ चुकीचा नाही, पण इतका मोघम आहे की नेमकं काय खटकलं ते वाचणाऱ्याला कळत नाही. आणि ‘नॉट मॅचिंग’ साडी-ब्लाउजपुरतं ठीक आहे. खिडकीला ते पुरत नाही.

शब्दकोशाकडे वळावं तर तिथे वेगळीच पंचाईत. ‘विसंगत’ काढला की समोर इन्काँग्रुअस, इन्कन्सिस्टंट, इन्कम्पॅटिबल, डिस्कॉर्डंट, अनॉमलस, कॉन्ट्रडिक्टरी अशी रांग उभी. सगळे एकाच ओळीत, मध्ये फक्त स्वल्पविराम, जणू कोणताही उचलला तरी चालेल. प्रत्यक्षात यातल्या एकाची जागा दुसरा क्वचितच घेऊ शकतो.

भाषांतराच्या कामात मला एक गोष्ट फार उपयोगी पडते: शब्दांचे अर्थ पाठ करत बसायचं नाही, एकच प्रश्न विचारायचा. ही गोष्ट नेमकी कशाशी जुळत नाही? आजूबाजूशी, शेजारच्या दुसऱ्या वस्तूशी, स्वतःच्याच आधीच्या बोलण्याशी, नियमाशी, काळाशी की प्रसंगाशी? उत्तर मिळालं की अर्धाअधिक शब्दसंग्रह आपोआप बाद होतो. पुढच्या पायऱ्या या उत्तरांच्या क्रमाने आहेत.

पायरी पहिली: आजूबाजूशी जुळत नसेल तर

वाड्यातली खिडकी इथे येते. खिडकीत स्वतःत काही दोष नाही. फ्लॅटमध्ये ती छान दिसली असती. ती चुकीच्या परिसरात आहे, एवढंच. यासाठीचा नेमका शब्द इन्काँग्रुअस. ‘द ॲल्युमिनियम विंडो लुक्स इन्काँग्रुअस इन द ओल्ड वाडा.’ शाळेत आपण एकरूप त्रिकोण शिकलो, त्यांना इंग्रजीत काँग्रुअंट म्हणतात. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ एकत्र येणं, जुळणं. त्याला नकाराचा ‘इन’ लागला की हा शब्द. भूमितीत मात्र तो वापरायचा नाही. दोन त्रिकोण एकरूप नसतील तर ते ‘नॉट काँग्रुअंट’. त्यांना इन्काँग्रुअस म्हटलं तर गणिताचे सर हसतील.

या शब्दाची एक खासियत लक्षात ठेवण्यासारखी आहे: त्यात निंदा असतेच असं नाही. गंमतही असू शकते. चार्ली चॅप्लिनचा १९१४ साली पडद्यावर आलेला भटक्या आठवा. कोट आखूड नि घट्ट, विजार ढगळ, टोपी लहान, बूट भलेमोठे. प्रत्येक कपडा दुसऱ्याच्या विरोधात जाणारा, आणि त्यातूनच हसू. विनोदाच्या अभ्यासात ‘इन्काँग्रुइटी थिअरी’ नावाचा एक विचारच आहे. अपेक्षा एक असते आणि समोर येतं भलतंच, म्हणून आपण हसतो, असं तो सांगतो. त्याची मुळं कांट आणि शोपेनहाउअरपर्यंत जातात. तेव्हा एखाद्या गोष्टीला इन्काँग्रुअस म्हटलं म्हणजे ती वाईट ठरवली असं समजू नका.

निंदा करायची असेल तर जॅरिंग. हा शब्द कळ काढणारा आहे. कानाला किंवा डोळ्याला झटका बसल्यासारखा. ‘द विंडो स्ट्राइक्स अ जॅरिंग नोट.’ इमारतीबद्दल आणखी तिखट बोलायचं तर आयसोर, म्हणजे डोळ्यांना खुपणारी वास्तू. हा नाम आहे, विशेषण नाही. ‘द बिल्डिंग इज आयसोर’ असं लिहिणाऱ्यांचा ‘ॲन’ राहून जातो. ‘ॲन आयसोर’ हवं. तत्कालीन युवराज चार्ल्स याही पुढे गेले होते. १९८४ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या प्रस्तावित वाढीव इमारतीला त्यांनी एका लाडक्या, देखण्या मित्राच्या चेहऱ्यावरचं राक्षसी ‘कार्बंकल’ म्हटलं. कार्बंकल म्हणजे काळपुळी. तो आराखडा बारगळला आणि १९९१ साली वेगळीच इमारत उभी राहिली. तेव्हापासून ब्रिटिश वर्तमानपत्रांत कुरूप इमारतीला कार्बंकल म्हणायची पद्धतच पडली.

साध्या बोलण्यात मात्र यातलं काहीच लागत नाही. ‘आउट ऑफ प्लेस’ पुरतं. माणसालाही चालतं, वस्तूलाही. ‘आय फेल्ट आउट ऑफ प्लेस ॲट द पार्टी.’ ऑफिसच्या पार्टीत सगळे सुटाबुटात आणि आपण चेक्सच्या शर्टात, तेव्हाचं वाक्य. इथे ‘आय फेल्ट इन्काँग्रुअस’ म्हणणारा माणूस पुस्तकी वाटेल.

एक भेद इथेच करून घेऊ. दोन अगदी वेगळ्या गोष्टी शेजारी असणं म्हणजे त्या विसंगत असणं नव्हे. मुंबईच्या ओव्हल मैदानात मध्यभागी उभं राहा. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली व्हिक्टोरियन गॉथिक शैली. पश्चिमेला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको इमारतींची ओळ, गोलाकार बाल्कन्या आणि फिकट रंग. दोन्हींमध्ये मधलं मैदान आणि कित्येक दशकांचं अंतर. पण हे दृश्य कुणाला खटकत नाही. उलट युनेस्कोने २०१८ साली दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरवला. याला इंग्रजीत जक्स्टपोझिशन म्हणतात, फार तर कॉन्ट्रास्ट. इन्काँग्रुअस इथे साफ चुकेल. शेजारी ठेवलेलं वेगळेपण आणि परिसराला न मानवणारं वेगळेपण, यांत निवड करताना स्वतःला विचारा: यातली एक गोष्ट काढून टाकली तर दृश्य सुधारेल का? चॅप्लिनसारखी मुद्दाम साधलेली गंमत सोडली, तर सुधारत असेल तरच इन्काँग्रुअस किंवा जॅरिंग.

पायरी दुसरी: दोन वस्तूंचं आपसात जुळत नसेल तर

इथे तीन शब्द आहेत आणि आपल्याकडे तिन्हींचा गोंधळ होतो: क्लॅश, मिसमॅच आणि इन्कम्पॅटिबल.

क्लॅश म्हणजे टक्कर. रंगांची, तारखांची, स्वभावांची. ‘द पर्पल कर्टन्स क्लॅश विथ द ऑरेंज वॉल्स.’ तारखांच्या बाबतीत आपण हमखास ‘माय एक्झाम इज क्लॅशिंग विथ द वेडिंग’ म्हणतो, कारण मराठीत ‘येतेय’ असं चालू काळात डोक्यात असतं. इंग्रजीत ठरलेल्या वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ: ‘माय एक्झाम क्लॅशेस विथ द वेडिंग.’ एवढ्या एका बदलाने वाक्य सुटसुटीत होतं.

मिसमॅच हा शब्द बँकेने आणि आधार-पॅनने घरोघरी पोचवला. सिग्नेचर मिसमॅच, नेम मिसमॅच. त्या फॉर्मवर तो अगदी बरोबर वापरलेला असतो, हे मुद्दाम सांगतो. जे दोन एकसारखे किंवा जोडीचे असायला हवेत आणि नाहीत, तिथे मिसमॅच. तुमची चेकवरची सही आणि बँकेतली नमुना-सही एकच असायला हवी. दोन पायांत दोन वेगळे मोजे असतील तर मिसमॅच्ड सॉक्स. विजोड जोडप्यालाही ‘अ मिसमॅच्ड कपल’ म्हणतात. वाड्यातल्या खिडकीला मात्र मिसमॅच जमत नाही, कारण वाडा आणि खिडकी ही जोडी कधी नव्हतीच.

इन्कम्पॅटिबल सगळ्यांत कडक. दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत, एकत्र आल्या तर काम बंद पडेल किंवा नुकसान होईल. याचं सर्वांत नेमकं उदाहरण रक्तगटाचं, आणि त्यातलं एक तर मुंबईचंच. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एका दुर्मीळ रक्तगटाची नोंद प्रसिद्ध केली. जगभर तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. ए, बी, एबी आणि ओ या नेहमीच्या सगळ्या गटांच्या तांबड्या पेशींवर एच नावाचा घटक कमी-जास्त प्रमाणात असतो. बॉम्बे गटाच्या माणसात तो नसतोच, उलट त्याच्या रक्तात एचच्या विरोधातली प्रतिद्रव्यं असतात. नेहमीच्या तपासणीत हा माणूस ‘ओ’ गटाचा वाटू शकतो. पण ज्या ओ गटाचं रक्त एरवी कुणालाही चालतं असं आपण ऐकलेलं असतं, तेही त्याला चालत नाही. दुसऱ्या बॉम्बे गटवाल्याचंच लागतं. ‘ईव्हन ग्रुप ओ ब्लड इज इन्कम्पॅटिबल विथ हिज.’ इथे ‘नॉट मॅचिंग’ लिहिणं फिकं पडतं. इन्कम्पॅटिबल या शब्दात धोक्याची सूचना आहे.

म्हणून सॉफ्टवेअर, औषधं, प्लग-सॉकेट, घटस्फोटाच्या अर्जातले स्वभाव, या सगळ्यांना हा शब्द लागतो. हिज्जे लिहिताना शेवटी ‘आय-बी-एल-ई’ येतं. ‘ए-बी-एल-ई’ लिहिणारे पुष्कळ.

पायरी तिसरी: स्वतःशीच जुळत नसेल तर

साक्षीदार पोलिसांना एक सांगतो, न्यायालयात दुसरं. फलंदाज एका डावात शतक काढतो आणि पुढचे चार डाव शून्यावर. दोघांसाठी एकच शब्द, इन्कन्सिस्टंट. यात वेळेचा धागा असतो: आधीचं आणि नंतरचं यांत मेळ नाही. साक्षीदाराची दोन विधानं एकमेकांच्या थेट उलट असतील, एकात ‘होता’ आणि दुसऱ्यात ‘नव्हता’, तर कॉन्ट्रडिक्टरी. फरक प्रमाणाचा आहे. इन्कन्सिस्टंट म्हणजे मेळ बसत नाही. कॉन्ट्रडिक्टरी म्हणजे दोन्ही एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत. वकिलाला हा फरक फार महाग पडू शकतो.

क्रियापद वापरायचं झालं तर ‘कॉन्ट्रडिक्ट’नंतर ‘विथ’ लागत नाही. ‘हिज स्टेटमेंट कॉन्ट्रडिक्ट्स हर्स’, बस. आपण मराठीतून ‘तिच्या विधानाशी’ असा ‘शी’ घेऊन येतो आणि तो ‘विथ’ होऊन बसतो.

कायद्याच्या इंग्रजीत या घराण्यातला एक शब्द वेश बदलून फिरतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३ मध्ये मूलभूत हक्कांशी ‘इन्कन्सिस्टंट’ असलेल्या कायद्यांची गोष्ट आहे, तिथे अडचण नाही. अनुच्छेद २५४ संसदेचा कायदा आणि राज्याचा कायदा यांच्यातल्या विसंगतीबद्दल आहे. तिथे शब्द येतो रिपग्नंट. रोजच्या इंग्रजीत रिपग्नंट म्हणजे किळसवाणा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं हे वाचून गोंधळतात: राज्याचा कायदा किळसवाणा कसा? तसं काही नाही. कायद्याच्या भाषेत रिपग्नंट म्हणजे दुसऱ्या कायद्याशी न जुळणारा, विरोधात जाणारा, एवढंच. न्यायालयाबाहेर मात्र हा शब्द या अर्थाने वापरू नका. ‘युअर प्रपोझल इज रिपग्नंट टू अवर पॉलिसी’ अशी ईमेल गेली तर समोरचा दुखावेल.

माणूस नेहमीपेक्षा वेगळा वागला तर? शांत प्राध्यापक एकदम वर्गावर ओरडले. यासाठी ‘आउट ऑफ कॅरेक्टर’ हा सुंदर प्रयोग आहे आणि आपल्याकडे तो कमी वापरला जातो. ‘इट वॉज आउट ऑफ कॅरेक्टर फॉर हिम टू शाउट.’

पायरी चौथी: नियमाशी जुळत नसेल तर

शाळेत ‘पाण्याचे असंगत आचरण’ शिकलो होतो. बहुतेक पदार्थ थंड होताना आकुंचन पावतात. पाणी चार अंश सेल्सिअसपर्यंत तसंच वागतं आणि त्याखाली उलट प्रसरण पावू लागतं. ते ‘असंगत’ म्हणजे अनॉमलस. नियम ठरलेला आहे, सगळे पाळतात, एकटं हे पाळत नाही. आणि मुख्य म्हणजे याला काहीतरी कारण असणार, ते शोधलं पाहिजे, असा शोधाचा सूर या शब्दात असतो. बुध ग्रहाच्या कक्षेतला एक छोटा फरक न्यूटनच्या नियमांत बसत नव्हता. शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग), इतका बारीक. एकोणिसाव्या शतकात तो लक्षात आला आणि १९१५ साली आइनस्टाइनने त्याचं उत्तर दिलं. ती अनॉमली होती म्हणून इतकी वर्षं पाठपुरावा झाला.

सरकारी नोकरांना हा शब्द वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. वेतन आयोगानंतर कनिष्ठाचा पगार ज्येष्ठापेक्षा जास्त निघतो, त्याला पे अनॉमली म्हणतात, आपल्याकडे वेतनत्रुटी. हाही चपखल वापर आहे.

अनॉमलीचा चुलतभाऊ आउटलायर. आकडेवारीत बाकीच्यांपासून फार लांब पडलेला आकडा. त्यात कोडं असेलच असं नाही. कसोटीत ९९.९४ ची सरासरी असलेला ब्रॅडमन आउटलायर आहे. बाकीचे महान फलंदाज पन्नास-साठच्या घरात. त्याला अनॉमली म्हटलंत तर तुम्ही काहीतरी गडबड असल्याचं सुचवताय.

पायरी पाचवी: काळाशी जुळत नसेल तर

अनॅक्रॉनिझम. हा सर्वांत सोपा, कारण त्याला पर्यायच नाही. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’ नाटकात रोममध्ये घड्याळाचे टोले पडतात. सीझरची हत्या ख्रिस्तपूर्व ४४ ची. टोले देणारी यांत्रिक घड्याळं त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी आली. आपल्याकडे पेशवाईतल्या प्रसंगात कुणी चहाचा कप पुढे केला तर तीच गत. आसामात चहाचे मळे १८३० च्या दशकात उभे राहू लागले, आणि पेशवाई तर १८१८ लाच संपली होती.

या शब्दाचा दुसरा उपयोग जास्त कामाचा आहे आणि तो शिकवला जात नाही. आज अस्तित्वात असलेली पण काळ संपलेली प्रथा, नियम किंवा संस्था यांनाही अनॅक्रॉनिझम म्हणतात. उच्च न्यायालयातला वकिलांचा काळा गाऊन हा ब्रिटिशांकडून आलेला वारसा. तो नको असणारे लिहितात, ‘द गाऊन इज ॲन अनॅक्रॉनिझम इन अवर क्लायमेट.’ हवा असणारे त्यालाच ट्रॅडिशन म्हणतात. अग्रलेख लिहिणाऱ्यांनी हा शब्द हाताशी ठेवावा. उच्चारताना जोर ‘नॅ’वर द्या आणि ‘सी-एच’चा ‘च’ करू नका. तो ‘क’च आहे.

कान आणि डोळे

ही खरी तर पहिल्या पायरीची शाखा, पण आपल्याकडे संगीताचं एवढं वेड आहे की वेगळं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तंबोरा काळी एकमध्ये लावलाय आणि तबला किंचित उतरलेला. सभागृहात बसलेल्या शंभरांतल्या नव्वदांना काही कळत नाही, पण गवयाच्या कपाळावर आठी येते. या अवस्थेला इंग्रजीत ‘आउट ऑफ ट्यून’. त्यातून जो अप्रिय नाद निर्माण होतो तो डिस्कॉर्डंट. हाच शब्द बैठकीतल्या मतभेदालाही लावतात: ‘हिज स्पीच स्ट्रक अ डिस्कॉर्डंट नोट.’ सगळे स्तुती करत असताना एकट्यानेच सुनावलं, असं. मराठीत ‘विसंवादी सूर’ म्हणतो, तोच.

डिसोनन्स याहून तटस्थ आहे. तो संगीतातला पारिभाषिक शब्द. दोन स्वरांतला ताण, जो पुढे सोडवला जाईल. डिसोनन्स मुद्दाम आणतात. डिस्कॉर्ड सहसा नको असतो. आपल्या विवादी स्वराचा विचार करा. रागाला जो वर्ज्य, तोच निष्णात गायक केदारात कोमल निषादाच्या रूपाने हळूच स्पर्शून जातो आणि श्रोते वाहवा करतात. त्या निषादाला डिस्कॉर्डंट म्हणणं अन्याय होईल. मानसशास्त्रातला ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ही याच अर्थाने आला. लिओन फेस्टिंगर यांनी १९५७ साली तो मांडला. मनातल्या दोन समजुतींत ताण निर्माण होतो आणि माणूस तो कमी करायच्या खटपटीला लागतो. सिगारेट वाईट हे ठाऊक असलेला धूम्रपान करणारा ‘माझे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते’ म्हणतो, तो हा ताण सोडवण्यासाठीच.

डोळ्यांसाठी भडक रंगांचे शब्द: लाउड, गॉडी, गॅरिश. चढत्या क्रमाने. लाउड शर्ट घालणारा मित्र असू शकतो. गॅरिश म्हटलं की मैत्री तुटेल. गॉडीमध्ये स्वस्त झगमगाटाचा वास आहे, जसं लग्नाच्या मांडवातलं प्लास्टिकच्या फुलांचं तोरण.

पायरी सहावी: प्रसंगाशी जुळत नसेल तर

इथे जपून. इनअप्रोप्रिएट हा शब्द दिसायला सौम्य आहे, पण आजच्या ऑफिसात तो जवळजवळ आरोप असतो. ‘हिज कमेंट वॉज इनअप्रोप्रिएट’ असं एचआरला लिहिलंत तर चौकशी लागू शकते. तुम्हाला फक्त ‘अवेळी बोलला’ एवढंच म्हणायचं असेल तर ‘इल-टाइम्ड’ वापरा.

अनबिकमिंग म्हणजे पदाला न शोभणारं. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ मध्ये सरकारी कर्मचाऱ्याने त्याला ‘अनबिकमिंग’ असं काही करू नये, असं कलम आहे. विभागीय चौकशीच्या कागदांत हा शब्द वारंवार भेटतो. इतरत्र तो जुनाट वाटतो.

आणि मॅलाप्रॉपिझम, गमतीसाठी: चुकीच्या जागी जवळपास सारखा ऐकू येणारा शब्द टाकणं. शेरिडनच्या १७७५ मधल्या ‘द रायव्हल्स’ या नाटकातल्या मिसेस मॅलाप्रॉप बाईंवरून हे नाव पडलं. बाईंच्या मते नाईल नदीच्या काठी ‘ॲलेगरी’ असते. म्हणायचं होतं ॲलिगेटर.

वाक्प्रचार, पण कमीच

‘स्टिक्स आउट लाइक अ सोअर थम’ म्हणजे सुजलेल्या अंगठ्यासारखं चटकन नजरेत भरणं. बोलताना छान, अहवालात नको. ‘स्क्वेअर पेग इन अ राउंड होल’ हे नोकरीत न बसणाऱ्या माणसासाठी. माणसाला मिसफिट म्हणताना ‘अ’ विसरू नका: ‘ही इज अ मिसफिट.’

‘फिश आउट ऑफ वॉटर’ मात्र आपल्याला फसवतो. मराठी कानाला पाण्याबाहेरची मासोळी म्हणजे तळमळ. तुकोबांची जीवनावेगळी मासोळी आपल्या मनात बसलेली आहे. इंग्रजी माशाला इतकं दुःख नसतं. तो फक्त अवघडलेला असतो, अनोळखी ठिकाणी आल्यामुळे. विरहासाठी हा वाक्प्रचार वापरलात तर वाक्य हास्यास्पद होईल.

शब्दयोगी अव्ययं: एक मराठमोळी किल्ली

इथेच सर्वांत जास्त चुका होतात आणि यावर तोडगा आपल्याच विभक्तीत आहे. मराठीत ‘शी’ येत असेल तर इंग्रजीत बहुतेक वेळा ‘विथ’: इन्काँग्रुअस विथ, इन्कन्सिस्टंट विथ, इन्कम्पॅटिबल विथ, क्लॅश विथ, ॲट ऑड्स विथ (मेळ न बसणारं), आउट ऑफ कीपिंग विथ (परिसराला न शोभणारं). ‘ठिकाणी’ किंवा ‘मध्ये’ येत असेल तर ‘इन’: आउट ऑफ प्लेस इन. ‘ला’ येत असेल तर ‘टू’, ‘फॉर’ किंवा ‘ऑफ’: इल-सूटेड टू, इनअप्रोप्रिएट फॉर, अनबिकमिंग ऑफ. अपवाद दोन लक्षात ठेवा. कॉन्ट्रडिक्टला काहीच नाही, हे वर आलंच. आणि जॅर: परिसराशी असेल तर ‘जॅर विथ’, कानाला किंवा मज्जातंतूंना असेल तर ‘जॅर ऑन’.

‘ॲट ऑड्स’मधला ‘स’ कधीही गाळायचा नाही. हा प्रयोग सीसीटीव्हीच्या पुराव्याला फार शोभतो: ‘हिज अकाउंट इज ॲट ऑड्स विथ द फुटेज.’

थोडा सराव

खालची वाक्यं आधी स्वतः करून पाहा, मग उत्तर वाचा.

शिवकालीन नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं. काळाचा प्रश्न, म्हणून अनॅक्रॉनिझम. ते घड्याळ इन्काँग्रुअसही म्हणता येईल, पण नेमकेपणा जाईल.

नवा प्रिंटर जुन्या कॉम्प्युटरला चालत नाही. एकत्र काम होतच नाही, म्हणून इन्कम्पॅटिबल विथ.

अर्जावरचं आडनाव आणि आधारवरचं आडनाव वेगळं आहे. एकच असायला हवं होतं, म्हणून मिसमॅच.

कौलारू घरांच्या कोकणातल्या गावात निळ्या काचेची चार मजली इमारत उभी राहिली. तटस्थपणे नोंद करायची असेल तर ‘आउट ऑफ कीपिंग विथ द व्हिलेज’, नगररचना खात्याला पत्र लिहायचं असेल तरीही हेच. चिडून मित्राला लिहायचं असेल तर ‘ॲन आयसोर’.

शोकसभेत कुणाच्या तरी मोबाइलवर ढिंच्याक गाणं वाजलं. इथे दोन शब्द लागतील. गाणं जॅरिंग. आणि मोबाइल बंद न करता वर तो उचलून ‘हां, बोल’ म्हणणाऱ्याचं वागणं इनअप्रोप्रिएट.